आउटरिगर कनूसाठी पहिलं वल्हं कसं निवडावं

आउटरिगर कनू म्हणजे एका बाजूला तरंगतं लाकूड, म्हणजे उलांडी, बांधून स्थिर ठेवलेली होडी. तिच्यासाठी पहिलं वल्हं घेताना नवखा माणूस बहुधा दोन गोष्टींना भुलतो. एक म्हणजे वजन आणि दुसरी पात्याचा आकार. दुकानात पावणेतीनशे ग्रॅमचं काळं कार्बनचं वल्हं हातात आलं की बाकीची लाकडी वल्ही जड वाटू लागतात, आणि पातं मोठं असेल तर जोरही जास्त मिळेल असं वाटतं. महिनाभरानंतर खांदा किंवा कंबर धरते. त्याचं कारण बहुतेक वेळा लांबीत नाहीतर रुंदीत असतं. म्हणून निवड करताना क्रम असा ठेवा: आधी लांबी, मग पात्याची रुंदी, मग दांडा आणि मूठ, त्यानंतर साहित्य आणि सगळ्यात शेवटी वजन.

कोकणात उलांडी लावलेल्या लहान होड्या मासेमारीसाठी चालतात, त्यामुळे एका बाजूला तरंगतं लाकूड बांधून होडी स्थिर ठेवायची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. इथे विषय आहे तो हवाई, ताहिती आणि न्यूझीलंडच्या परंपरेतल्या वल्हवण्याचा. होनोलुलू, कॅलिफोर्निया, सिडनी, ऑकलंड, सिंगापूर किंवा हाँगकाँगमध्ये राहणारे मराठी लोक आपापल्या गावच्या क्लबांत हा खेळ शिकू शकतात. हवाईत उलांडीला आमा आणि तिला होडीशी जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्यांना इयाको म्हणतात. सहा जणांची कनू साधारण ४४ फूट लांब आणि ४०० पौंडांच्या, म्हणजे १८० किलोच्या आसपास असते. सहाही जण एकाच तालात वल्हवतात, प्रत्येक जण एका वेळी एकाच बाजूला, आणि दर १२ ते १५ स्ट्रोकनंतर हाळीवर बाजू बदलतात. वल्हं या कामात बसलं पाहिजे.

घाई नको

पहिले सहा ते आठ आठवडे क्लबची वल्ही वापरा. हे पैसे वाचवण्यासाठी नाही. सुरुवातीला आपण पाठ वळवत नाही, नुसत्या हातांनी ओढतो, आणि त्या ढंगाला जे वल्हं सोयीचं वाटतं ते कंबरेतून वळायला लागल्यावर लांब पडतं. या काळात दर सरावाला वेगळ्या लांबीचं वल्हं मागून घ्या. बहुतेक वल्ह्यांवर मुठीजवळ इंचातला आकडा लिहिलेला असतो. तो आणि सराव संपल्यावर शरीर कुठे दुखलं ते फोनमध्ये टिपून ठेवा. दोन महिन्यांनी दुकानात जाताना हीच टिपणं सगळ्यात उपयोगी पडतात.

घरात ड्रॅगन बोटीचं वल्हं असेल तर त्यावर निभावून नेऊ नका. त्याचा दांडा सरळ असतो आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पातं १८ सेंटिमीटरपेक्षा रुंद नसतं. आउटरिगरचं पातं साधारण २३ ते २६ सेंटिमीटर रुंद असतं आणि दांड्याशी कोन करून बसवलेलं असतं.

लांबी

लांबी मोजतात ती मुठीच्या वरच्या कडेपासून पात्याच्या टोकापर्यंत. मोठ्यांसाठीची बहुतेक वल्ही ४८ ते ५२ इंचांच्या, म्हणजे १२२ ते १३२ सेंटिमीटरच्या दरम्यान येतात. अर्ध्या इंचाचा फरक तासाभरात जाणवतो, तेव्हा अंदाजावर सोडू नका.

घरी मोजायची पद्धत अशी. गादी नसलेल्या कडक खुर्चीवर ताठ बसा, पाय जमिनीवर टेकवा. क्लबचं एखादं वल्हं उलटं धरा: मूठ दोन मांड्यांच्या मध्ये खुर्चीवर टेकलेली, पातं वर. दांडा जिथे संपतो आणि पातं सुरू होतं, त्या मानेची जागा तुमच्या हनुवटीपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात आली पाहिजे. नाकाच्या उंचीला आली तर उत्तम. वल्हं हाताशी नसेल तर खुर्चीच्या पृष्ठभागापासून नाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्यात पात्याची लांबी मिळवा. उदाहरणार्थ, खुर्ची ते नाक ३१ इंच आणि पातं १९ इंच म्हणजे ५० इंचांचं वल्हं.

उंचीवरून ढोबळ आकडेही काढता येतात. पाच फूट ते पाच-चारपर्यंत ४८ ते ४९ इंच, पाच-आठपर्यंत ४९ ते ५०, सहा फुटांपर्यंत ५० ते ५१, त्यापुढे ५१ ते ५२. पण बसल्यावर कोणाचं धड उंच असतं, कोणाचे पायच लांब असतात. एकाच उंचीच्या दोघांना दीड इंचाच्या फरकाची वल्ही लागू शकतात, म्हणून खुर्चीवरचं माप उंचीपेक्षा खरं धरावं. शिवाय बैठक पाण्यापासून किती वर आहे यावरही लांबी ठरते. तुमच्या क्लबची कनू पाण्यात उंच बसत असेल तर अर्धा इंच वाढवावा लागतो.

खरा निकाल पाण्यातच लागतो. शेजारच्या होडीतून किंवा धक्क्यावरून कोणाला तरी बाजूने व्हिडिओ घ्यायला सांगा आणि तो थांबवत थांबवत पाहा. पातं मानेपर्यंत पूर्ण बुडालेलं असताना वरचा हात कुठे आहे? तो डोळ्यांच्या किंवा कपाळाच्या उंचीला असेल तर लांबी बरोबर आहे. हात डोक्याच्या वर गेला, मानेच्या वरचा दांडाही पाण्यात शिरला, किंवा बाजू बदलताना पातं सारखं होडीच्या काठाला थडकलं, तर वल्हं लांब आहे. अशा वल्ह्याने वरच्या हाताचा खांदा दर स्ट्रोकला कानाजवळ चढतो, आणि दुखणं सुरू होतं ते तिथूनच. याउलट पातं बुडवण्यासाठी दर वेळी बाजूला वाकावं लागत असेल, पाण्यावर शिंतोडे उडत असतील आणि सराव संपताना कंबर धरत असेल, तर वल्हं आखूड आहे.

खालच्या हाताची जागाही पाहा. तो मानेपासून एक ते दीड मूठ वर असावा. वल्हं लांब असलं की हात नकळत वर सरकतो आणि माणूस म्हणतो, मला तर हे बरोबर वाटतंय. म्हणून दांड्यावर त्या जागी रंगीत टेपचा एक वेढा द्या आणि सराव संपताना हात त्याच जागी आहे का ते बघा.

दोन मापांत अडकलात तर लाकडी वल्हं आखूड घ्या. कार्बनचं घेणार असाल तर लांब घ्या, कारण ते कापता येतं. कापण्याविषयी पुढे लिहिलं आहे.

पात्याची रुंदी

पहिल्या वल्ह्यासाठी सव्वानऊ ते साडेनऊ इंच रुंदी पुरते. अंगाने लहान असाल तर नऊ. जोरकस, इतर खेळांतून तयार होऊन आलेल्या माणसाला पावणेदहा चालेल. दहाच्या पुढे नवख्याने जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. पातं पाण्यात जवळपास एका जागी रुततं आणि त्याच्यापाशी आपण होडी ओढून नेतो. पातं जितकं मोठं तितकं ते कमी घसरतं, आणि तितकाच जास्त भार एका स्ट्रोकमध्ये खांद्यावर, कोपरावर आणि पाठीवर येतो. भरलेल्या सहा जणांच्या कनूचं वजन माणसांसकट सहाशे किलोंच्या घरात जातं. मोठं पातं घेऊन पहिली दहा मिनिटं छान वाटतं. मग ओढ लांबते, पातं पाण्याबाहेर उशिरा निघतं आणि तुम्ही पुढच्या माणसाच्या तालामागे पडता. सहा जणांच्या होडीत ताल चुकवणाऱ्याचा जोर वाया जातोच, वर इतरांचंही काम वाढतं. नवख्याला आधी ताल सांभाळता आला पाहिजे, आणि त्याला मदत होते ती लहान पात्याची.

पात्याच्या पाण्याकडच्या पृष्ठभागावर हात फिरवा. काही पाती सपाट असतात, काहींना किंचित खोलगटपणा असतो, तर काहींना मधोमध मानेकडून खाली उतरणारा हलका उंचवटा असतो. हा उंचवटा पाण्याला दोन्ही बाजूंनी सारखं निसटू देतो, त्यामुळे ओढताना पातं थरथरत नाही. पहिल्या वल्ह्याला तो असलेला बरा. मात्र थरथर दर वेळी पात्याचा दोष नसते. दांडा गच्च आवळून धरला, किंवा पातं पूर्ण बुडायच्या आधीच ओढायला सुरुवात केली, तरी उत्तम पातंही फडफडतं आणि मागे हवेचे बुडबुडे ओढतं. वल्हं बदलण्याआधी पकड सैल करून पाहा.

वाक आणि दांडा

अमेरिकेतल्या मिनेसोटात जीन जेन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या कनूसाठी वाकवलेलं वल्हं आणलं, आणि आज आउटरिगरमध्येही बहुतेक जण तसंच वापरतात. कोन साधारण १० ते १२ अंशांचा असतो. सरळ वल्हं मांडीच्या पुढे येईपर्यंत ठीक चालतं. त्यानंतर पातं तिरकं होऊन पाणी वर उचलू लागतं, आणि होडीचा मागचा भाग दबतो. वाकवलेलं पातं ओढीच्या शेवटापर्यंत उभं राहतं.

धरायचं कसं, हे पहिल्याच दिवशी नीट पाहून घ्या. वल्हं समोर उभं धरल्यावर पात्याचं टोक होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तुमच्यापासून दूर झुकलेलं असलं पाहिजे. उलटं धरणारे खूप असतात. उलट्या वल्ह्याने पाणी पकडल्यासारखं वाटतं, म्हणून चूक लगेच कळत नाही.

दांडे दोन प्रकारचे मिळतात: सरळ, ज्यात वाक फक्त मानेपाशी असतो, आणि दुहेरी वाकाचे, ज्यात खालच्या हाताच्या जागीही हलकी वळणं असतात. दुहेरी वाकाने खालचं मनगट सरळ राहतं. मनगटाची जुनी तक्रार असेल तर तो घ्या. नाहीतर सरळ दांड्याने सुरुवात करा. त्यावर हाताची जागा थोडी वर-खाली करता येते, आणि शिकताना ती मोकळीक लागते.

जाडी तपासायला दांड्याभोवती अंगठा आणि तर्जनी गुंडाळा. दोन्हींची टोकं जेमतेम टेकावीत किंवा किंचित एकमेकांवर यावीत. मध्ये फट राहत असेल तर दांडा जाड आहे आणि अर्ध्या तासात हाताचा पुढचा भाग भरून येईल. खालच्या हाताच्या जागी लंबगोल आकार असेल तर चांगलं, कारण न पाहताही पातं कोणत्या दिशेला आहे ते कळतं.

मूठ इंग्रजी टी अक्षरासारखी घ्या. चारही बोटं वर सहज बसली पाहिजेत आणि अंगठा खालून वळला पाहिजे. एक डोळा मिटून मुठीवरून खाली पात्याकडे बघा. मूठ आणि पात्याची रुंदी एका रेषेत नसतील तर ते वल्हं परत ठेवा. दोन अंशांचा पीळसुद्धा मनगट दिवसभर भरून काढत राहतं.

लाकूड, कार्बन की दोन्ही

आमची शिफारस संमिश्र वल्ह्याची आहे: दांडा लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेला, पातंही लाकडी पण त्यावर कार्बनचं किंवा फायबरग्लासचं आवरण. वजन साधारण ४२५ ते ५१० ग्रॅम. लाकडी दांडा पाणी पकडताना किंचित लवतो आणि कोपराला बसणारा धक्का शोषून घेतो. सांधे अजून या कामाला सरावलेले नसताना हे फार मोलाचं आहे. पूर्ण लाकडी वल्हं ५०० ग्रॅमच्या पुढे जातं आणि स्वस्त पडतं, पण पात्याच्या कडा लवकर खातात.

कार्बनचं वल्हं २५५ ते ४०० ग्रॅमचं असतं. फरक खरा आहे. मिनिटाला ६० स्ट्रोक म्हणजे तासाला ३,६०० वेळा वल्हं उचलायचं. दर वेळी १५० ग्रॅम वाचले तर तासाला ५४० किलो कमी उचलले. हवाई बेटांपैकी मोलोकाई ते ओआहू ही १९५२ पासून होणारी शर्यत खुल्या समुद्रातून ६५ किलोमीटरच्या आसपासची आहे, तिथे हा हिशेब कोणीही करेल. पण आठवड्यातून दोनदा तासभर वल्हवणाऱ्याला त्याआधी योग्य लांबी आणि लवचीक दांडा हवा. कार्बनच घ्यायचं ठरलं असेल तर दांडा लवचीक प्रकारातला मागा. उत्पादक एकाच पात्याला कमी-जास्त कडकपणाचे दांडे देतात.

सुकाणूवाल्याचं वल्हं वेगळं असतं: सरळ, जाड, मोठ्या पात्याचं, कारण सहाव्या बैठकीवरून ते होडीच्या अंगाला दाबून धरावं लागतं. ते पहिलं म्हणून घेऊ नका, आणि आपलं वाकवलेलं वल्हं कधी त्या कामाला देऊ नका. मान तिथेच तुटते.

पैसे देण्याआधी

शक्य असेल तर दोन वल्ही एकाच सरावाला न्या, एकाच बैठकीवर बसून अर्धा वेळ एक, अर्धा वेळ दुसरं वापरा. सहा जणांच्या होडीत वेगावरून काही कळत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत तुमचा ताल टिकतो का आणि बाजू बदलताना हात चाचपडतो का, हे पाहा.

जुनं वल्हं घेत असाल तर मान उजेडात धरून केसासारखी बारीक चीर शोधा. मग नाण्याने पातं सगळीकडे ठोकत जा. आवाज टणटणीत असला पाहिजे. एखाद्या जागी तो बसका आला तर आतले थर सुटलेले आहेत. कार्बनचा दांडा कानाजवळ हलवा, पाणी खळखळलं तर मूठ किंवा सांधा गळतो आहे. लाकडी पात्याच्या कडेला काळा डाग दिसला तर पाणी आत शिरलंय. वरवरचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका, त्यांच्यामुळे किंमत पाडून मागता येते.

कार्बनचा दांडा कापताना

अनेक कार्बनची वल्ही मूठ न चिकटवता, किंवा गरम केल्यावर सुटणाऱ्या गोंदाने चिकटवून मिळतात. मूठ टेपने पक्की करून आधी सपाट पाण्यात, काठाजवळ दोन-तीन सराव करा. मग पाऊण इंच काढायचं ठरलं तरी आधी अर्धाच कापा.

कापायच्या रेषेभोवती मास्किंग टेपचे दोन घट्ट वेढे द्या, म्हणजे धागे उसवत नाहीत. बारीक दातांचं, इंचाला ३२ दात असलेलं हॅक्सॉ पातं वापरा, जोर न लावता, दांडा थोडा थोडा फिरवत. कार्बनची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला वाईट. मास्क आणि हातमोजे घाला, काम घराबाहेर करा आणि कापताना जागा ओली ठेवा. कड २२० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, आतून पुसून पूर्ण वाळू द्या. गरम गोंद मुठीच्या खुंटीवर सगळीकडून लावा आणि लगेच आत सरकवा. पातं भिंतीला समांतर टेकवून मूठही समांतर आहे याची खात्री करायला तुमच्याकडे फार तर अर्धं मिनिट असतं. चुकलं तर सांधा हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा फिरवता येतो. शेवटी दांडा बादलीत बुडवून बुडबुडे येतात का ते पाहा. पाणी शिरणारा दांडा हातातून सुटला तर बुडू शकतो.

वापर

वल्ही मोडतात ती बहुधा वल्हवताना नाही. बाजू बदलताना इयाकोवर आपटून, उथळ पाण्यात होडी ढकलायला तळाशी टेकवून, किंवा वाळूत रोवून त्यावर भार दिल्याने मोडतात. गाडीच्या बंद काचेमागे उन्हात ठेवलेल्या काळ्या पात्यातलं एपॉक्सी (धागे चिकटवून धरणारी राळ) मऊ पडून पातं वाकडं होऊ शकतं. कापडी पिशवी त्यासाठी घ्यावी, आणि सरावानंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवावं.

लाकडी किंवा संमिश्र पात्याच्या कडेचा टवका उडाला तर त्याच आठवड्यात दुरुस्त करा. आधी तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्या, ओल्या लाकडावर एपॉक्सी धरत नाही. १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पेपरने घासा. पातळ एपॉक्सीचे दोन हात द्या, दुसरा पहिला चिकट असतानाच. पूर्ण घट्ट झाल्यावर साबणाच्या पाण्याने पुसा, हलकं घासा आणि वरून उन्हापासून संरक्षण देणारं बोटीचं व्हार्निश लावा, कारण नुसतं एपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुगा होतं. दरवर्षी मोसम सुरू होण्याआधी व्हार्निशचा एक हात पुरेसा होतो.